परदेशी साहेब, रत्नागिरी पासिंग

आमच्याकडे पाहुणे आले, चहाचे कप रिकामे झाले, की माझा नवरा हमखास म्हणतो, "स्मिता, तो डच माणसाचा किस्सा सांग ना!"

"कुठला?" मी विचारते. इथेच सगळा घोळ होतो, कारण एक सांगावा तर दुसरा आठवतो आणि दुसरा सांगेपर्यंत पाहुणे स्वतःच्या मेव्हण्याचा तिसरा सुरू करतात. असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. गाडीच्या डिकीत जुनी छत्री, एक चप्पल, पाण्याच्या बाटल्या जशा आपोआप साठतात, तसे तेही साठतात. एकदा डिकी रिकामी करावी म्हणून आज सलग सांगते.

रत्नागिरीजवळ एका जेट्टीचं काम चालू आहे. त्या कंपनीत मी ॲडमिन बघते. ॲडमिन म्हणजे काय, तर परदेशातून येणाऱ्या इंजिनिअरांना घर, गॅस, डॉक्टर, कामवाली बाई आणि चांगला पाव मिळवून देणं. त्यांना कंपनीची गाडी असते, चालवायला आमचा दिलीप शिवलकर असतो. पण चार-सहा महिने झाले, की प्रत्येकाला एकच लहर येते. "स्मिता, मला माझी स्वतःची गाडी हवी!"

आणि तिथून माझी करमणूक सुरू होते.

यातली मुख्य माणसं तीनच. गाळ काढण्याच्या कामावर आलेला योहान, उंच, लाल, नेदरलँड्सचा. त्याची बायको आनेका. आणि क्रेनचं काम बघणारे कोरियाचे किमसाहेब, अत्यंत सभ्य, अत्यंत अबोल. तिघांनाही मी भाट्याच्या रस्त्याला मयेकर काकूंचं घर भाड्यानं घेऊन दिलं होतं. डच जोडपं माडीवर, किमसाहेब मागच्या दोन खोल्यांत आणि तळमजल्यावर खुद्द काकू. काकूंचे यजमान बोटीवर होते, आता नाहीत. मुलगा मुंबईला. काकूंना इंग्रजी येत नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही.

*

योहाननं जीप घेतली. कागदपत्रांसाठी मी किती फेऱ्या मारल्या ते सोडा. गाडी मिळाली त्या दिवशी शोरूमवाल्यांनी हार घातला, नारळ फोडला, बॉनेटवर स्वस्तिक काढलं आणि चाकांच्या थोडं पुढे लिंबं ठेवली. भटजी म्हणाले, "हं, आता साहेबांना गाडी पुढे घ्यायला सांगा."

योहान गाडीत बसला. खिडकीतून मान काढून त्यानं चारी लिंबं नीट न्याहाळली. मग त्यानं गाडी मागे घेतली! स्टिअरिंग एकदा इकडे, एकदा तिकडे, पुन्हा जरा मागे, आणि मग कपाळाला आठ्या घालून, श्वास रोखून, अशी काही झोकात गाडी बाहेर काढली की एकाही लिंबाला चाक लागलं नाही.

भटजींचा हात अक्षतांसकट वरच्या वर.

योहान खाली उतरला, लिंबांकडे बोट दाखवून माझ्याकडे बघत म्हणाला, "पास?"

त्याला वाटलं होतं, ही ड्रायव्हिंगची परीक्षा आहे!

मी काही बोलायच्या आत भटजींनीच उत्तर दिलं. ते म्हणाले, "पास म्हणून सांगा त्यांना. इतक्या वर्षांत एवढी कोणी मेहनत घेतली नव्हती!"

*

जीप आली तशी ती ठेवायची कुठे हा प्रश्न आला. काकूंच्या अंगणात जागा आहे, पण ऊन कडक. योहाननं सावली बघून गाडी माडाखाली लावली.

काकूंनी ओटीवरूनच सांगितलं, "अरे बाबा, माडाखाली नको लावू हो गाडी!"

मी ते इंग्रजीतून सांगितलं. योहान इंजिनिअर. त्यानं वर बघितलं, नारळ मोजले, खाली गाडीचा टप बघितला, वाऱ्याचा अंदाज घेतला आणि मला शांतपणे समजावलं, की वर्षभरात पडणारे नारळ, अंगणाचं क्षेत्रफळ आणि गाडीचं क्षेत्रफळ यांचा हिशेब घातला तर धोका जवळजवळ नाहीच.

मी काकूंना सांगितलं, "तो म्हणतो, धोका नाही."

"माडाला विचारलान काय?" काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढच्याच आठवड्यात सकाळी मी काही कामासाठी गेले होते. आम्ही ओटीवर उभे असताना धाडकन आवाज झाला. जीपच्या बॉनेटला हा एवढा खड्डा! योहान डोक्याला हात लावून धावला. आनेका धावली. काकू तर चपला न घालताच धावल्या. बॉनेटकडे ढुंकूनही न बघता त्या वाकल्या, चाकामागे घरंगळलेला नारळ उचलला, कानापाशी नेऊन हलवला, चारी बाजूंनी फिरवून बघितला आणि योहानच्या दंडावर थोपटत म्हणाल्या,

"काळजी करू नको हो. काय्येक झालेलं नाही त्याला!"

*

किमसाहेबांनी घेतली छोटी, पांढरी, साधी गाडी. चालवायची सवय व्हावी म्हणून पहिले काही दिवस दिलीप त्यांच्या शेजारी बसायचा. दिलीपची एकच तक्रार होती. "मॅडम, साहेब हॉर्नच मारत नाहीत! वळणावर मारत नाहीत, गुरं आली तरी मारत नाहीत. मुके असल्यासारखे चालवतात!"

मी किमसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्याकडे हॉर्न वाजवणं म्हणजे समोरच्यावर ओरडणं. माझी काही चूक झाली तरच कोणी माझ्यावर हॉर्न वाजवेल."

आता आपल्याकडे एसटीचा ड्रायव्हर हॉर्न कशासाठी वाजवतो? मी आलो म्हणून, मी निघालो म्हणून, आणि मधल्या वेळात हात रिकामा आहे म्हणून!

एक दिवस पावसच्या रस्त्याला मागून एसटी आली आणि तिनं लांबलचक हॉर्न दिला. किमसाहेबांनी गाडी ताबडतोब कडेला घेतली, खाली उतरले, रस्त्यात उभे राहिले आणि एसटीला कमरेत वाकून नमस्कार केला. क्षमा मागितली म्हणजे!

एसटी थांबली. ड्रायव्हर गोंधळला. परदेशी माणूस आपल्या गाडीच्या पाया पडतोय म्हटल्यावर तो तरी कसा बसून राहणार? तोही उतरला, त्यानं हात जोडले. किमसाहेब अजून खाली वाकले. तोही वाकला. मागे ट्रक, टेंपो, रिक्षा लागल्या आणि सगळे हॉर्न वाजवायला लागले.

दिलीप सांगतो, "मॅडम, मी साहेबांना ओढून गाडीत बसवलं. नाहीतर ते एकेका हॉर्नला वाकत राहिले असते!"

*

आनेकाला जीप नको होती. ती सायकलवर वाढलेली. तिनं स्कूटर घेतली आणि सकाळी मासे आणायला मिरकरवाड्याला जायला लागली.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती मासे घेऊन निघाली, तर एक दांडगी कोळीण पाटी घेऊन आली, मागच्या सीटवर बसली, पाटी मांडीवर घेतली आणि हिच्या खांद्यावर थाप मारून म्हणाली, "चल गो."

आनेकाला मराठी येत नव्हतं, पण थाप कळली. ती निघाली. बाई "हकडं", "तकडं" करत राहिली आणि हिनं तिला बाजारापर्यंत सोडलं. बाईनं जाताना हिच्या पिशवीत दोन बांगडे टाकले.

आनेका मला म्हणाली, "किती गोड लोक आहेत इथले!"

दुसऱ्या दिवशी तीच बाई. तिसऱ्या दिवशी तीच बाई. मग एके दिवशी ती आजारी होती म्हणून तिची जाऊ. आनेका बिचारी सांगेल तिथे सोडत होती. तिच्या देशात कोणी आपणहून तुमच्या गाडीवर बसलं म्हणजे काहीतरी तातडीचं कारण असणार, असं धरून चालतात. इथे रोजच तातडी!

महिन्याभरानं ती ऑफिसात माझ्यासमोर येऊन बसली. चेहरा गंभीर.

"स्मिता, आम्ही पुढच्या आठवड्यात सुट्टीवर घरी जातोय. आज मी त्या बाईंना हातवारे करून ते सांगितलं, तर त्या रागावल्या. बाजारातल्या एका मुलानं मला इंग्रजीत सांगितलं, त्या म्हणतायत, आधी सांगायचं, बदली कोण येणार?"

"मग?"

"मग काय? मला एवढंच सांग, या नोकरीत रजेचा अर्ज कुणाकडे करायचा?"

*

किमसाहेबांना किल्ले बघायची आवड. एका रविवारी ते एकटेच अंजनवेलचा गोपाळगड बघायला निघाले. जयगडला गाडी फेरीबोटीत चढवली, पलीकडे उतरवली, इथपर्यंत ठीक झालं. पुढे मोबाइलची रेंज गेली आणि नकाशा बंद पडला.

रस्त्याकडेला एक म्हातारे गृहस्थ उभे होते, हातात काठी, काखेत पिशवी. किमसाहेबांनी काच खाली केली आणि पाठ केलेला शब्द उच्चारला, "अंजनवेल?"

"अंजनवेल होय? सरळ!" म्हाताऱ्यांनी सांगितलं आणि हात मात्र उजवीकडे वळवला.

किमसाहेब हाताकडे बघत राहिले. तेव्हा म्हाताऱ्यांना त्यांची दया आली. "तुम्हाला नाही कळायचं. चला, मीच दाखवतो," म्हणत ते दार उघडून पुढच्या सीटवर बसले. किमसाहेबांना इतका आनंद झाला! एवढा वयस्कर माणूस आपलं काम सोडून आपल्याला वाट दाखवायला येतो, ही केवढी संस्कृती!

मग ते जात राहिले. म्हातारे काठीनं काचेवर ठोकून "सरळ" म्हणायचे, कधी "सरळ" म्हणत डावीकडे काठी करायचे. वाटेत त्यांनी एकदा गाडी थांबवून ओळखीच्याला हाक मारली, एकदा दुकानातून बिडीबंडल घेतलं. शेवटी एका वाडीत, एका घरापुढे, "हां, थांबवा" म्हणाले. उतरले. किमसाहेबांना आत नेऊन पाणी दिलं, गूळ दिला, सुनेला बोलावून पाहुणे दाखवले.

किमसाहेबांनी सगळं पाहिलं, वाकून आभार मानले आणि विचारलं, "अंजनवेल?"

"अंजनवेल ना?" म्हाताऱ्यांनी आलेल्या रस्त्याकडे काठी केली. "तो फाटा मघाशीच मागे गेला. आता परत फिरा. सरळ!"

*

हा अगदीच छोटा.

पावसाळ्यात आनेका आणि योहान महिनाभर गावी गेले आणि जीप बंद राहिली. परत येऊन दार उघडलं तर स्टिअरिंगवर, सीटवर, पट्ट्यांवर हिरवी-पांढरी बुरशी. आत शिरवत नव्हतं. मला वाटलं, आता हा तडकणार.

योहाननं नाक आत घातलं, एक दीर्घ श्वास घेतला आणि डोळे मिटून म्हणाला, "आनेका, ये. घरची आठवण आली!"

ती मला हळूच म्हणाली, "त्याचे आजोबा चीज करायचे."

*

त्याच पावसाळ्यात उंदरांनी जीपची वायरिंग खाल्ली. इथे हे नवीन नाही. मेकॅनिकनं वायर बदलली. आठवड्यात पुन्हा खाल्ली. तंबाखूची पानं ठेवून झाली, डांबराच्या गोळ्या ठेवून झाल्या. काकूंनी मांजर आणून सोडलं, ते टपावर झोपायचं. योहान हताश झाला.

मग पंधरा-वीस दिवस काहीच नाही. जीप फर्स्टक्लास चालायला लागली. योहान मेकॅनिकची स्तुती करत गावभर फिरला.

एका सकाळी त्यानं पाणी बघायला बॉनेट उघडलं आणि आनेकानं अशी किंकाळी फोडली की किमसाहेब तोंडाला फेस तसाच ठेवून दात घासत बाहेर आले. इंजिनाशेजारी उबेला वेटोळं करून एक लांबलचक धामण बसली होती!

मी सर्पमित्राला फोन केला. तो आला, त्यानं तिला अलगद पिशवीत घेतलं. घाबरू नका, धामण बिनविषारी असते, उंदीर खाते, एवढं समजावलं आणि तो मोटारसायकलला किक मारायला लागला.

"उंदीर खाते" हे मी इंग्रजीतून सांगितलं मात्र, योहानच्या डोक्यात प्रकाश पडला. तो बर्म्युडा घातलेल्या अवस्थेत फाटकापर्यंत पळाला. "थांबा! थांबा! तिला कुठे नेताय? ती माझी आहे!"

आनेका पायरीवर उभी राहून म्हणाली, "योहान, ती राहिली तर मी नाही राहणार."

योहान थांबला. त्यानं एकदा पिशवीकडे पाहिलं, एकदा बायकोकडे पाहिलं.

आनेका अजून सांगते, "त्यानं विचार केला, स्मिता! खरंच विचार केला!"

*

कामाची मुदत संपली. योहान-आनेकाची जायची वेळ आली आणि जीप विकायला काढली. मला वाटलं, हातोहात जाईल. गाडी चांगली, एका हाताची, परदेशी मालक म्हणजे नीट ठेवलेली.

पण योहान पडला प्रामाणिक. पहिलं गिऱ्हाईक आलं, एक आंबा बागायतदार. योहाननं त्याला हाताला धरून गाडीभोवती फिरवलं. "इथे नारळ पडला होता. हे दार पावसात घट्ट बसतं. ही वायर उंदरांनी खाल्ली होती. इथे साप राहत होता. एसी चढावर दमतो." सगळं, एकूण एक.

बागायतदार ऐकत राहिला, गंभीर होत गेला, आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जो गेला तो गेलाच.

दुसरा आला, तोही तसाच गेला. तिसरा, चौथा, तीच गत. विमानाची तिकिटं काढलेली, दिवस जवळ येत चालले, आनेका घरातलं सामान बांधत होती आणि योहान अंगणात गाडी पुसत एकटाच. त्याला खरंच वाईट वाटायला लागलं. "स्मिता, मी काही लपवत नाही. तरी लोक विश्वास का ठेवत नाहीत?"

मी दिलीपला म्हटलं, "बाजारात काय चर्चा आहे बघ जरा."

तो बघून आला. "मॅडम, सगळे एकच म्हणतायत. हा माणूस एवढं आपणहून सांगतोय, म्हणजे न सांगण्यासारखं केवढं मोठं असेल!"

शेवटी आम्ही योहानला दम भरला. पुढचं गिऱ्हाईक येईल तेव्हा तोंडातून शब्द काढायचा नाही. काकूंना बोलायला पुढे केलं. चिपळूणचा एक कंत्राटदार आला. योहान ओठ घट्ट मिटून उभा, अगदी लालबुंद झालेला.

कंत्राटदार म्हणाला, "काकू, गाडीत काही दोष?"

"दोष?" काकू म्हणाल्या. "हा माणूस जातोय तर गाडी सोडवत नाहीये त्याला. तोंड बघा त्याचं! रडू आवरतोय बिचारा."

कंत्राटदारानं एकदाच योहानच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि किल्ली घेतली.

*

आता किमसाहेबांचा, आणि मग मी थांबते.

किमसाहेबांनी गाडी घेतली ती खरं तर आईसाठी. त्यांच्या आई सत्तरीच्या पुढच्या. नवरा गेल्यापासून तिकडे एकट्या. मुलगा राहतो तो समुद्र बघायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. थंडीच्या दिवसांत त्या आल्या. बारीक, ताठ, पांढरे केस आखूड कापलेले. त्यांना कोरियन सोडून दुसरी भाषा येत नव्हती.

रविवारी किमसाहेबांनी त्यांना आरे-वारेच्या रस्त्यानं गणपतीपुळ्याला न्यायचं ठरवलं. मला म्हणाले, "मला इथली माहिती सांगता येत नाही, तुम्ही चला." मी काकूंनाही घेतलं. काकूंनी घावन आणि चटणीचा डबा घेतला. मी पुढे बसले, दोघी म्हाताऱ्या मागे.

गाडी भाट्याच्या पुलावर पोचेपर्यंत मागे बोलणं सुरू झालं होतं. आई कोरियनमधे बोलत होत्या, काकू मराठीत. आई काहीतरी लांबलचक सांगायच्या, काकू "अगो बाई! मग?" म्हणायच्या. काकू आपल्या सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या, आई च् च् करून मांडीवर हात आपटायच्या. किमसाहेब आरशातून बघत राहिले. मला म्हणाले, "काकूंना कोरियन येतं?"

"काकूंना इंग्रजी येत नाही," मी म्हटलं.

आरे-वारेच्या चढावर आम्ही उतरलो. खाली दोन्ही बाजूंना वाळू, सुरूची झाडं, समुद्र निळाशार. किमसाहेब फोटो काढत होते. दोघी कठड्यापाशी बसल्या. मी लांबून बघितलं, तर आई रडत होत्या. काकूंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला होता आणि पदरानं त्यांचे डोळे पुसत होत्या. मला वाटलं, नवऱ्याची आठवण आली असेल. समुद्र बघितला की येते माणसांना.

देवदर्शन झालं, घावन खाल्ले, परत निघालो. परतीच्या वाटेवर काकूंनी मागून माझ्या खांद्याला हात लावला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "स्मिते, किमला सांग. त्याच्या आईच्या छातीत गाठ आहे. डॉक्टरनी ऑपरेशन सांगितलंय आणि ही बया अंगावर काढत्येय. मुलाला कळलं तर तो काम सोडून येईल म्हणून सांगत नाहीये."

मी मागे वळून बघितलं. आई खिडकीबाहेर बघत होत्या.

"काकू, तुम्हाला कसं कळलं?"

"कसं म्हणजे? तिनं सांगितलान!"

"कुठल्या भाषेत?"

"मेली भाषा घेऊन बसल्येस! सांग त्याला आधी!"

मला काय करावं सुचेना. हे खोटं निघालं तर? एका माणसाच्या काळजात उगाच सुरी घातल्यासारखं व्हायचं. आणि खरं निघालं, आणि मी गप्प राहिले, तर? काकूंनी दुसऱ्यांदा माझा खांदा दाबला, या वेळी चांगला जोरात.

मी किमसाहेबांना इंग्रजीत, जमेल तितक्या हळुवार शब्दांत सांगितलं.

त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. दोन्ही हात स्टिअरिंगवर तसेच. मग मागे न वळता, आरशात बघत, त्यांनी आईला अगदी हळू आवाजात काहीतरी विचारलं.

आईंनी खिडकीबाहेरची नजर आत वळवली. मग एकच शब्द बोलल्या. किमसाहेबांनी कपाळ स्टिअरिंगला टेकवलं.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमच्या जिवाला घोर नको. त्याच आठवड्यात ते आईला घेऊन कोरियाला गेले. ऑपरेशन झालं, वेळेत झालं. आई आता ठणठणीत आहेत आणि काकूंना दर महिन्याला व्हिडिओ कॉल करतात. अर्धा-अर्धा तास चालतो. पण मला सांगायचंय ते त्या गाडीतलं.

तर किमसाहेब मागे वळले, आईचे हात धरले, दोघं बोलले, दोघं रडले. मी खिडकीबाहेर बघत बसले. काकू तेवढ्या मजेत, मोहीम फत्ते केल्यासारख्या, डब्यातलं उरलेलं घावन खात होत्या. मग आईंनी डोळे कोरडे केले, मान वळवली, काकूंकडे रोखून बघितलं आणि कोरियनमधे एक छोटंसं वाक्य फेकलं.

काकू फिस्सकन हसल्या.

"काय म्हणाल्या हो?" मी विचारलं.

"काय म्हणणार?" काकू घास गिळत म्हणाल्या. "चोमडी म्हटलान मला!"

मला राहवेना. मी किमसाहेबांना विचारलं, "तुमच्या आई आत्ता काकूंना काय म्हणाल्या?"

किमसाहेबांनी रुमालानं नाक पुसलं. ते फार ओशाळले.

"प्लीज, काकूंना सांगू नका," ते म्हणाले. "चांगला शब्द नाही तो. जिच्या पोटात काही राहत नाही, अशा बाईला आमच्या गावात तसं म्हणतात."